गोविंदाच्या अंगावर काय, अंगाखाली काय : ठाण्यातल्या एका पथकाचा प्रकरण अभ्यास

ठाण्याच्या लोकमान्य नगर भागातलं एक गोविंदा पथक. सहा थर नेटाने लावणारं, सातव्याची स्वप्नं बघणारं. गुरुपौर्णिमेला नारळ फुटून सराव सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत पथकाच्या अध्यक्षांकडे एक देणगी चालून आली. परिसरातल्या एका व्यावसायिकाने सगळ्या पोरांना संरक्षक पॅड घेऊन द्यायची तयारी दाखवली. मोटरसायकलवाल्यांच्या जॅकेटात असतात तसे नारिंगी पॅड, खांद्याला, कोपराला, गुडघ्याला आणि पाठीला लावायचे. बोटाने दाबले तर वाकतात, हातोडा मारला की जागच्या जागी ताठ होतात. त्याचा एक व्हिडिओ पथकाच्या ग्रुपवर फिरला. त्यात एक माणूस पॅडखाली स्वतःचा हात ठेवतो, वरून हातोडा मारून घेतो आणि हसत हात काढून दाखवतो.

बघता बघता चर्चा पॅडवरून सातव्या थरावर गेली. एवढं संरक्षण मिळणार असेल तर यंदा सात लावूच, असा सूर निघाला. प्रशिक्षकांना, म्हणजे ज्यांना लहानथोर सगळे दादाच म्हणतात त्यांना, हे खटकलं. मी वागळे इस्टेटमध्ये पॉलियुरेथेन आणि सिलिकॉनचे भाग साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात काम करतो, म्हणून त्यांनी मला गाठलं. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता : "पैसे आलेत, ते नक्की कुठे लावू? आणि हे घातलं म्हणून एक थर वाढवता येतो का रे?"

ठाण्यात हा प्रश्न हलका नाही. टेंभी नाक्याच्या हंडीपासून वर्तक नगरच्या हंडीपर्यंत या शहराने उंचीची चढाओढ जवळून पाहिली आहे. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला, तो ठाण्यातच. उंचीवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तीच मर्यादा कायम राहिली. २०१७ मध्ये मात्र उच्च न्यायालयाने उंचीचा निर्णय सरकारवर सोडला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत घेणार नाही ही सरकारची हमी नोंदवून घेतली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. म्हणजे आज किती थर लावायचे हे बऱ्याच अंशी पथकाच्या विवेकावर आहे. या पथकाचा एक्का, म्हणजे सगळ्यात वर जाणारी, चौदा पूर्ण झालेली एक सडपातळ मुलगी आहे.

हा पदार्थ आहे तरी काय

त्याचं मूळ बरंच जुनं आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जेम्स राइट हे रबराला पर्याय शोधत होते. सिलिकॉन तेलात बोरिक आम्ल मिसळल्यावर त्यांना एक चमत्कारिक गोळा मिळाला. टेबलावर ठेवला की हळूहळू पसरायचा, जमिनीवर आपटला की चेंडूसारखा उसळायचा. युद्धकाळात त्याचा काही उपयोग सापडला नाही. पुढे तो 'सिली पुटी' या नावाने खेळणं म्हणून खपला. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड पामर यांनी डीथ्रीओ ही कंपनी काढली आणि याच कुळातला पदार्थ मऊ फोममध्ये मिसळून अंगावर घालण्याजोगा केला. २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या स्की-स्पर्धकांच्या पोशाखात तो होता. नारिंगी रंग ही याच कंपनीच्या पॅडची ओळख बनली.

आत काय चालतं? सिलिकॉनच्या लांब साखळ्या बोरॉनमुळे एकमेकींना तात्पुरत्या जोडलेल्या असतात. हे जोड सतत सुटत असतात आणि पुन्हा जुळत असतात. हळू दाबलं तर जोडांना सुटायला वेळ मिळतो, साखळ्या सरकतात, पदार्थ वाहतो. झटका बसला तर सुटायला वेळच नसतो, सगळं जाळं एकसंध होऊन ताणाला तोंड देतं आणि धक्क्याची बरीच ऊर्जा आतल्या घर्षणात, उष्णतेच्या रूपाने जिरते.

हे पोरांना समजावं म्हणून दादांनी मैदानावर परातीत कॉर्नफ्लोअर कालवून ठेवलं होतं. बोट हळू घातलं की बुडतं, मुक्का मारला की हाताला भिंत लागते. पोरांनी परातीभोवती गर्दी केली. तिथेच मी त्यांना सांगितलं की वागणूक सारखी दिसत असली तरी इथलं कारण वेगळं आहे. पाण्यात दाटीने तरंगणारे पिठाचे कण झटका बसताच एकमेकांत अडकतात, म्हणून ते मिश्रण ताठ होतं. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात नॉर्मन वॅग्नर यांनी लष्करी प्रयोगशाळेबरोबर सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेला असाच द्रव केव्हलारच्या, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या मजबूत कापडात मुरवून पाहिला होता. टोकदार शस्त्राला अडवायला तो मार्ग उपयोगी पडला. आपल्या पॅडात मात्र बोरॉनचे तात्पुरते जोड आहेत, आणि हा फरक पुढे पावसाच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

व्हिडिओमुळे पोरांच्या डोक्यात बसलेली एक समजूत आधी काढावी लागली : "कडक होतं म्हणून वाचवतं." निव्वळ कडकपणा वाचवत असता तर फरशीवर पडणं सगळ्यात सुरक्षित ठरलं असतं. पॅड दोन कामं करतो. हातोड्याच्या टोकाचा मार तळहाताएवढ्या जागेवर पसरवतो, आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत जिरवून कमरेला किंवा कोपराला पोहोचणारं शिखरबल, म्हणजे धक्क्यातलं सगळ्यात जास्त बल, खाली आणतो. ताठ होणं हे मार पसरवण्यापुरतं कामाचं. जिरवण्यासाठी पॅडला दबावंच लागतं, आणि दबायला जाडी लागते. सगळं प्रकरण या जाडीवर येऊन ठरलं.

कागदावरची आकडेमोड

मोटरसायकलच्या पॅडसाठी युरोपात ईएन १६२१-१ हे मानक आहे. पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पॅडवर सोडतात, म्हणजे धक्क्याची ऊर्जा ५० जूल. खाली पोहोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिलं तर पॅड पहिल्या पातळीचा, २० च्या आत राहिलं तर दुसऱ्या पातळीचा.

आता आपला थर. सहा थरांच्या मनोऱ्यात एक्क्याचे पाय जमिनीपासून साधारण सहा मीटरवर धरू. तिथून कुठेही न अडकता पडलं तर जमिनीला भिडताना वेग सेकंदाला १०.८ मीटर, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. मुलीचं वजन ३५ किलो धरलं तर ऊर्जा सुमारे २,०६० जूल. पॅडची परीक्षा ५० जूलची, आणि ही गोष्ट त्याच्या एक्केचाळीस पट.

दुसऱ्या बाजूने बघा. पडणारं शरीर जेवढ्या जास्त अंतरात थांबतं, तेवढं ते सौम्य थांबतं. सहा मीटर पडून एका सेंटिमीटरच्या पॅडात थांबायचं म्हणजे सरासरी गुरुत्वाच्या सहाशे पट मंदन, म्हणजे वेग तेवढ्या जोराने उतरणं. तीस सेंटिमीटर जाडीच्या गादीत थांबायचं म्हणजे वीस पट. गादी तळापर्यंत पूर्ण दबत नाही, दोन तृतीयांश दबते असं धरलं तरी तीस पट. हा तीस आणि सहाशे यांच्यातला फरक पॅडमधलं कुठलंही रसायन भरून काढू शकत नाही. ताशी ३९ किलोमीटर ही वरची मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. मनोरा कोसळतो तेव्हा माणसं एकमेकांवरून घसरत, खांद्या-हातांना अडखळत येतात, आणि बेसच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या थराच्या, भोवती उभ्या असलेल्या पोरांचे वर केलेले हात बरीच ऊर्जा खातात. पण सातव्या थराचा निर्णय करताना वरची मर्यादाच धरायची असते.

दादांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे सातव्याचा विषय इथेच संपला. आता पॅडचं काय करायचं ते बोलू." उंचावरून पडण्यासाठी पॅड निकामी ठरला, तरी तो टाकाऊ ठरत नाही. सरावात रोज होणाऱ्या दुखापती बघितल्या तर त्या उंचावरून सुटण्याच्या नसतातच. वर चढणाऱ्याचं कोपर खालच्याच्या कानशिलावर, उतरताना घसरलेला गुडघा कुणाच्या तोंडावर, दोघांची डोकी एकमेकांवर. अशा टकरींची ऊर्जा पॅडच्या आवाक्यात असते.

शाडूच्या मातीवरची चाचणी

देणगीदाराने आणलेल्या नमुन्यांत सगळेच नारिंगी होते, पण सगळे एकाच जातीचे नव्हते. काहींवर मानकाचा क्रमांक, पातळी आणि अवयवाचं अक्षर छापलेलं होतं : खांद्याला एस, कोपराला ई, गुडघ्याला के. काही नुसतेच रंगवलेले ईव्हीए, म्हणजे स्वस्त चपलांच्या तळाचा फोम. आमच्याकडे बल मोजणारं यंत्र नाही. पण श्रावण तोंडावर होता, शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात शाडू माती मळून तयार होती. एका ट्रेमध्ये तिचा सपाट थर पसरला, वर पॅड ठेवला आणि लोखंडी गोळा पीव्हीसी पाइपातून ठरलेल्या उंचीवरून सोडला. पॅड उचलला की मातीत उमटलेला खळगा बोलका असतो.

छाप असलेल्या पॅडखाली खळगा उथळ आणि पसरट, कडा गोल. त्याच जाडीच्या ईव्हीएखाली तो अरुंद आणि खोल, गोळ्याचा आकार ओळखू येईल असा. ईव्हीएचे दोन थर एकावर एक ठेवले तेव्हा खळगा पहिल्याच्या बराच जवळ आला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली, कारण ज्या पथकाला महागडे पॅड परवडत नाहीत त्याला जाडी वाढवून बरंच साधता येतं. हुशार पदार्थाचा खरा फायदा असा की तेवढंच काम कमी जाडीत होतं आणि हालचाल अडत नाही.

मग दोन गोष्टी ठाण्याच्या हिशोबाने तपासल्या. एक, उष्णता. हे पदार्थ गरम झाले की त्यांचे जोड लवकर सुटतात, म्हणजे ताठ व्हायला आणखी जोराचा झटका लागतो. म्हणूनच मानकात ४० अंशांवरची वैकल्पिक परीक्षा आहे आणि ती पास झालेल्या पॅडवर टी-प्लस अशी खूण असते. थंड देशातल्या स्कीच्या उतारावर आणि श्रावणात घामेजलेल्या, ट्रकमध्ये उन्हात उभ्या पोराच्या अंगावर एकच पॅड सारखा वागत नाही. कोमट पाण्याच्या पिशवीत ठेवून काढलेल्या पॅडखाली खळगा खरोखर खोल गेला. आम्ही टी-प्लस नसलेले सगळे नमुने बाजूला काढले.

दोन, पाणी. हंडीच्या दिवशी गोविंदांवर वरून पाण्याचा मारा असतो, पाऊस वेगळा. बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्यातला जोड पाण्याने तुटू शकतो. चांगला पॅड बंद छिद्रांच्या फोममध्ये असतो, त्यात पाणी सहजी शिरत नाही. उघड्या छिद्रांचा फोम मात्र पाणी पितो, जड होतो, आणि आत हवेऐवजी पाणी भरल्याने त्याची दबायची रीतच बदलते. एक नमुना बादलीत बुडवून पिळला तर धार लागली. तोही बाद.

खांद्याला पॅड का नाही

देणगीदाराचा सगळ्यात जास्त आग्रह खांद्याच्या पॅडचा होता, आणि ऐकायला ते पटतंही. खालच्यांच्या खांद्यावर माणसं उभी राहतात, सोलवटतं, वळ उठतात. पण या पदार्थाचा स्वभाव आठवा : हळू आणि टिकून राहणाऱ्या भाराखाली तो दबत जातो. तिसऱ्या थरावरचा पासष्ट किलोचा मुलगा दुसऱ्याच्या खांद्यावर पाय ठेवतो तो आपटत नाही, अलगद ठेवतो आणि मग मिनिटभर तिथेच उभा राहतो. नेमक्या याच भाराखाली पॅड मऊ राहतो. पाऊल आत रुततं, डाव्या-उजव्या खांद्यावर वेगवेगळं रुततं, आणि वरच्या तिघांचा तोल त्या काही मिलिमीटरवर हलायला लागतो. शिवाय पायाच्या बोटांना खांद्याची कड सापडत नाही. गोविंदा अनवाणी चढतो तो त्या पकडीसाठीच.

दादांनी दोन थरांवर हे करून पाहिलं. दुसऱ्या थरावर उभा राहिलेल्या मुलाने लगेच सांगितलं, "दादा, पाय ठरत नाही." एवढं पुरे होतं. खांद्याचे पॅड यादीतून गेले, आणि त्याबरोबर मांडी आणि कमरेवरचेही, कारण चढणारा तिथेही पाय रोवतो.

हेल्मेट, आणि ते ज्याला लागतं तो

या प्रकरणातला सगळ्यात मोठा भाग हा आहे, आणि तो पॅडपेक्षा मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो.

एक्क्याच्या डोक्यावर हेल्मेट असावं यावर पथकात दुमत नव्हतं. आतापर्यंत कुणाच्या घरातलं सायकलचं किंवा स्केटिंगचं वापरत होते. कठीण कवच, आत थर्माकोलसारखा ईपीएस. आदल्या हंगामात सरावाला एक्का घसरली, तिच्या डोक्याला काही झालं नाही, पण तिचं हेल्मेट खालच्या एका मुलाच्या ओठावर बसलं आणि त्याला टाके पडले. त्या मुलाच्या आईने दादांना विचारलेला प्रश्न सगळ्यांनी लिहून ठेवावा असा आहे : "तिचं डोकं वाचलं याचा मला आनंदच आहे. पण माझ्या पोराचं तोंड कोण वाचवणार?"

मोटरसायकलवरचा माणूस डांबरावर किंवा गाडीवर आदळतो. आपल्याकडचा गोविंदा दुसऱ्या गोविंदावर आदळतो. त्यामुळे अंगावरच्या प्रत्येक वस्तूने दोन शरीरांचा विचार करायला हवा, घालणाऱ्याचा आणि ज्यावर ती आदळणार त्याचा. बाजारातलं जवळजवळ सगळं संरक्षक साहित्य पहिल्याच माणसासाठी बनलेलं असतं.

स्पेनच्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात, त्यांना कास्टेल म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथेही सगळ्यात वर लहान मूल चढतं. २००६ मध्ये मातारो गावच्या पथकातली अशीच एक मुलगी मनोऱ्यावरून पडून दगावली. त्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांना हेल्मेट देण्यावर भर आला, आणि ते देताना त्यांनी हाच पेच सोडवायचा प्रयत्न केला : पडणाऱ्याचं डोकं वाचावं आणि खाली दाटीने उभ्या असलेल्यांना त्याचा मार लागू नये. म्हणून त्यांचं हेल्मेट हलकं आणि बाहेरूनही मऊ आहे. आपल्यापेक्षा वेगळ्या देशात, वेगळ्या सणात, पण अडचण तीच होती, म्हणून उत्तराची दिशाही घेता आली.

मग नुसती मऊ टोपीच का नको? रग्बीत अशा फोमच्या टोप्या घालतात. त्यांनी खरचटणं आणि कापणं कमी होतं, पण मेंदूला बसणारा हादरा कमी होत असल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं नाही. सेंटिमीटरभर मऊ थरात डोकं थांबवायला अंतरच मिळत नाही. म्हणजे आत जाड, ऊर्जा जिरवणारा थर हवा आणि बाहेर मऊ थर हवा.

आतल्या थरासाठी आम्ही ईपीपीचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या फुगवलेल्या फोमचं हेल्मेट निवडलं. ईपीएस एकदा चेपला की चेपलेलाच राहतो, एका मोठ्या टकरीनंतर हेल्मेट टाकून द्यायचं असतं, आणि चेपलेलं बाहेरून दिसतही नाही. ईपीपी बऱ्याच अंशी पुन्हा उभारतो. रोज रात्री छोटे-छोटे टोले खाणाऱ्या सरावाला तो बरा. मोठा मार बसला तर मात्र तेही बदलायचंच.

बाहेरचा मऊ थर चिकटवायची कल्पना एका मुलाची होती आणि तो रबर सोल्यूशनची बाटली घेऊन तयारही होता. त्याला जुन्या हेल्मेटातला ईपीएसचा तुकडा दिला आणि एक थेंब टाकायला सांगितलं. थेंब पडताच पांढरा थर आत खचत गेला आणि पाव इंच खोल भोक पडलं, कडा चिकट. हे द्रावक बाहेरच्या कवचालाही कमकुवत करू शकतं. हेल्मेटवर स्टिकर आणि रंगसुद्धा जपून लावायचे असतात, ते याच कारणाने. तेव्हा चिकटवणं बाद झालं.

शेवटी किसन नगरच्या एका शिंपीकाकांनी चार पाकळ्यांचं कापडी कव्हर शिवून दिलं. आत चांगल्या पॅडांतून कापलेली आठ मिलिमीटरची पाकळी, बाहेर गुळगुळीत लायक्रा, कानाच्या वर इलॅस्टिक. ते हेल्मेटवर घट्ट बसतं पण किंचित सरकतं. सरकतं ठेवलं ते मुद्दाम : तिरकी टक्कर झाली तर डोक्याला बसणारा पीळ हा सरळ मारापेक्षा वाईट ठरू शकतो, आणि बाहेरचा थर थोडा सरकला तर पीळ आत कमी जाण्याची शक्यता असते. याची मोजणी आमच्याकडे नाही, त्यामुळे पोरांना त्याबद्दल कुठलंही वचन दिलेलं नाही. कव्हरसकट गोळ्याची चाचणी उलटी घेतली : हेल्मेट वरून मातीवर सोडलं. उघड्या कवचाने मातीत धारदार कड उमटवली, कव्हर घातलेल्याने पसरट ठसा. त्या मुलाच्या आईलाही बोलावून दाखवलं.

कव्हरांची हेल्मेटं वरच्या तीन थरांना दिली. उरलेल्या पॅडांतून कोपर आणि गुडघ्याचे पॅड फक्त वर चढणाऱ्यांना, तेही पायाच्या नडगीला हात न लावता, कारण चढताना तिथे पकड लागते.

गादीच्या भोकांवरची चिकटपट्टी

देणगीचा मोठा हिस्सा सरावाच्या गाद्यांना लावायचा ठरलं. पथकाकडे जुन्या गाद्या होत्या, रेक्झिनच्या खोळीतल्या, वीस सेंटिमीटर जाडीच्या. त्या दिसायला ठीक होत्या, पण पोरं म्हणत होती की वरून उडी मारली की गादी फेकून देते.

गादीच्या कडेला जाळीची छिद्रं असतात. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून कुणीतरी प्रेमाने त्या सगळ्यांवर तपकिरी चिकटपट्टी लावली होती, दोन-दोन थर. उघड्या छिद्रांचा फोम दबतो तेव्हा आतली हवा फटींतून आणि मग या जाळ्यांतून बाहेर पडते, आणि ती अडखळत पडते म्हणूनच ऊर्जा जिरते. हळू बसलं तर हवेला वेळ मिळतो आणि गादी मऊ लागते, जोरात पडलं तर हवा अडते आणि गादी घट्ट होते. म्हणजे नारिंगी पॅडसारखीच वेगाला प्रतिसाद देणारी वस्तू पथकाकडे कित्येक वर्षं होती, फक्त तिचं तोंड बंद केलेलं होतं. अडकलेली हवा जिरवत नाही, दाबून परत ढकलते. पट्ट्या काढल्या, जाळ्या ब्रशने साफ केल्या, गाद्या ताडपत्रीखाली ठेवायची सोय केली. पुढच्याच सरावात पोरांना फरक कळला.

नव्या गाद्या तीस सेंटिमीटरच्या घेतल्या आणि सगळ्या वेल्क्रोने एकमेकींना जोडल्या, वर एक पातळ चटई. दोन गाद्यांच्या फटीत पाय गेला तर घोटा मुरगळतो, आणि दादांच्या म्हणण्याप्रमाणे सरावातल्या बऱ्याच दुखापती तिथल्याच असतात. बेसच्या पोरांच्या पायाखाली मात्र गादी नाही. त्यांना कडक जमीनच हवी. गाद्या त्यांच्या भोवती कड्यासारख्या.

हंडीच्या दिवशी गाद्या ट्रकमधून नेता येत नाहीत. तिथे आयोजकांनी बांधलेला दोर आणि हार्नेस हाच एक्क्याचा खरा आधार, कारण तो पडूच देत नाही. पण दोर एकीलाच असतो. दुसरी-तिसरी जागा घेणाऱ्यांसाठी भोवतीच्या पोरांचे हात आणि डोक्यावरचं ते मऊ कव्हर एवढंच असतं. म्हणून दादांनी सरावात पडण्याचा सराव वाढवला : हात छातीशी, हनुवटी खाली, कोपर बाहेर काढायचं नाही.

हंगाम कसा गेला

सातवा थर लावला नाही. पथकात काही जण नाराज झाले, एक-दोघे दुसऱ्या पथकात गेले. अध्यक्षांवरही दबाव आला, कारण बक्षिसाची रक्कम थरांवर ठरते. दादांनी एकच अट घातली : सहा थर लावणं जमतंच, सहा थर शांतपणे उतरवणं सलग जमलं की सातव्याचं बोलू. पॅडचा त्या अटीत उल्लेखही नाही, आणि तो नसणं हे मला या सगळ्या खटाटोपाचं सगळ्यात मोठं फळ वाटतं. संरक्षण वाढलं की माणूस कित्येकदा धोका वाढवतो आणि हिशोब पुन्हा होता तिथे येऊ शकतो. इथे तो आला नाही.

सरावाला एकदा चौथ्या थरावरून दोघं घसरले. वरच्याचं हेल्मेट खालच्याच्या गालावर बसलं. गाल सुजला, दात शाबूत राहिले, रक्त नाही. एका प्रसंगावरून काही सिद्ध होत नाही, आणि आम्ही तसं कुणाला सांगितलंही नाही. पण ज्या मुलाला आदल्या वर्षी टाके पडले होते तो हल्ली स्वतःहून सगळ्यांची कव्हरं तपासून देतो.

कव्हरातल्या पाकळ्या दर हंगामाला बदलायच्या आणि हेल्मेटच्या आत मार्करने खरेदीची तारीख लिहायची असं ठरलं आहे. मोठा मार बसलेलं हेल्मेट त्याच रात्री बाजूला काढायचं, कुणाची हरकत ऐकायची नाही. या हंगामात घाम आणि पाऊस पिऊन झालेल्या पाकळ्या मी कारखान्यात आणल्या आहेत. नव्याच्या शेजारी ठेवून त्यांच्यावर तोच गोळा सोडायचा आहे, म्हणजे एक हंगाम हे अंतर बरोबर धरलं की कमी करायला हवं ते पुढच्या गुरुपौर्णिमेच्या आत ठरवता येईल.